तिचं पाणी मी तोडलं

पाण्यातलं मला कळतं, असं आमच्या भागात लोक म्हणतात. डोणगावच्या रस्त्याला आमची भाजीपाल्याची रोपवाटिका आहे. मिरची, टमाटे, वांगी, कोबी, ज्या हंगामात जे लागेल ते रोप आम्ही ट्रेमध्ये वाढवून देतो. शेतकरी सुकलेलं रोप पिशवीत घालून आणतो, माझ्यासमोर ठेवतो आणि कोणती फवारणी मारू म्हणून विचारतो. मी मुळं बघतो आणि दहातल्या आठ जणांना एकच सांगतो, की बाबा, औषध मारू नको, पाणी तोड. चार दिवस पाणी तोडलं की रोप उभं राहतं आणि तो माणूस पुढच्या खेपेला मला चहा पाजतो. असे चहा पिऊन पिऊन माझं डोकं चढलेलं होतं, हे आधीच कबूल केलेलं बरं.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी बायकोला दिवस गेले. ती सुलतानपूरकडची. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडची रीत, पण तिची आई लग्नाआधीच वारली होती आणि भावजय स्वतःच ओली बाळंतीण होती. तेव्हा माझ्या आईनं ठरवलं, की सगळं इथंच करायचं. मला ते बरं वाटलं. बायको डोळ्यांसमोर राहील, आपण जातीनं लक्ष देऊ, असं मी मनात म्हणालो. ती माहेरी गेली असती तर आज हे लिहायची वेळ कदाचित आली नसती. तिथं कुणालाच माझ्याइतकी अक्कल नव्हती.

चौथ्या महिन्यात तिला चक्कर यायला लागली. भांडी घासून उठली की भिंत धरायची. अंगणवाडीत महिन्यातून एकदा नर्सबाई येतात, गरोदर बायकांचं वजन-बीपी बघतात. त्या दिवशी मी मुद्दाम सोबत गेलो. नर्सबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळून फुगवला आणि शहाण्णव-साठ असा आकडा कार्डावर लिहिला. माझा चेहरा उतरलेला बघून त्या म्हणाल्या, की यात घाबरण्यासारखं काही नाही. बाळ वाढायला लागलं की बाईच्या अंगात रक्तही वाढतं, रक्तातलं पाणी वाढतं, पण रक्ताच्या नळ्याही सैल होतात. म्हणून मधल्या महिन्यांत बीपी थोडं उतरतं आणि शेवटी शेवटी परत मूळ जागी येतं. पाणी भरपूर पिऊ द्या, एकदम उठू देऊ नका, एवढंच त्यांनी सांगितलं.

मी त्यातलं अर्धंच घेऊन घरी आलो. घरात त्या दिवसापासून बायकोचं बीपी लो आहे असं झालं. कुणी तब्येत विचारली की आई तेच सांगायची, मीही तेच सांगायचो. लिंबू, मीठ, साखर घालून सरबत करायचं काम मी माझ्याकडे घेतलं. सकाळी रोपवाटिकेत जायच्या आधी तांब्याभर सरबत करून ठेवायचं आणि दुपारी फोन करून संपलं का विचारायचं. ती हसायची. म्हणायची, की तुम्ही मलाही ट्रेमध्ये ठेवलं आहे. खरं सांगायचं तर ते महिने फार चांगले गेले. तेवढेच चांगले गेले.

आठवा महिना लागला तेव्हा एप्रिल संपत आला होता. अंगणवाडीत या वेळी आकडा आला एकशे छत्तीस-अठ्ठ्याऐंशी. नर्सबाईंनी दहा मिनिटं बसवून परत मोजलं. तेच. त्या म्हणाल्या, की आठ दिवसांनी परत दाखवा आणि तालुक्याला जाऊन लघवी तपासून घ्या, लघवीतून प्रोटीन जातं का ते बघायचं आहे. बायकोनं घरी येऊन मला कार्ड दाखवलं. मी ते बघून खूश झालो. माझ्या आईला बीपीची गोळी चालू आहे, तिचं दीडशेच्या पुढे गेलं की ती भाजीत मीठ कमी करते. त्या मानानं एकशे छत्तीस म्हणजे काहीच नाही. लो होतं ते नॉर्मल झालं, सरबताचा गुण आला, असं मी आईला सांगितलं. आईनं देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी आशाताई घरी आल्या. त्या आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात, गावातल्या गरोदर बायकांची यादी त्यांच्याकडे असते. मी त्यांना माझा आनंद सांगितला. त्यांनी कार्ड हातात घेतलं, मागचे आकडे बोटानं दाखवले आणि मला जे सांगितलं ते मी विसरू म्हटलं तरी विसरू शकत नाही.

"भाऊ, तुमच्या मायच्या बीपीसंगं तिचं नका मोजू. तिचं तिच्यासंगंच मोजा. शहाण्णववरून एकशे छत्तीसवर गेली ते. आठ दिवसांनी घेऊन या तिले."

मी हो म्हटलं. आठ दिवसांनी नेलं नाही. मिरचीच्या रोपांचा हंगाम होता, रोज दोन-तीन गाड्या भरून जात होत्या आणि मजूर मिळत नव्हते. हे कारण मी त्या वेळी खरं समजत होतो. आज वाटतं की मजूर मिळाले असते तरी मी गेलो नसतो, कारण माझ्या मते बायकोचं बीपी सुधारलं होतं आणि सुधारलेल्या माणसाला दवाखान्यात कोण नेतं?

मग सूज आली. आधी पायांवर, मग हातांवर. मे महिना लागला तसा सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवतीही थोडी दिसायला लागली. जोडवी बोटांत रुतली. मी रोपवाटिकेतला ठिबकची नळी कापायचा कटर आणला, तर आईनं माझा हात धरला. नवरा जिवंत असताना बायकोची जोडवी कापतात काय, असं म्हणाली आणि खोबरेल तेल चोळून चोळून एकेक काढली, लगेच त्या बोटांना लाल दोरा बांधला. सुजेचं मात्र तिला काही वाटलं नाही.

"पायाले पानी उतरलं म्हनजे दिवस भरत आले," आई म्हणाली. "तुह्या वक्ती मले चपलेत पाय जात नव्हता. काऊन एवढा इचार करतं?"

पण मी विचार केला. हीच तर माझी खोड. पायाला पाणी उतरलं हा शब्द मी ऐकला आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. मी सूज अंगठ्यानं दाबून बघितली. खड्डा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला. पाणी साचून चिबडलेल्या वाफ्यात पाय ठेवला की असाच ठसा उमटतो. मी महिनोन् महिने तिला सरबतं पाजत होतो, वर लोणचं-पापड चालू होतं, आणि बीपी तर आता नॉर्मल झालेलं. म्हणजे पाणी जास्त झालं. निदान झालं. आता पाणी तोडायचं.

मी एक लिटरची बाटली घेतली आणि ट्रेवर वाणाचं नाव लिहायच्या काळ्या पेननं तिच्यावर पाच रेघा मारल्या. सकाळी उठल्यावर एक रेघ, जेवणाआधी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक, झोपताना एक. दिवसाला एक लिटर, त्यावर थेंब नाही. ठिबकच्या पाण्याची वेळ लिहायची वही माझ्याकडे असतेच, तिच्यात मागच्या पानावर तिचं पान सुरू केलं. भाजी अळणी केली. वरणातलं पाणी कमी केलं. कलिंगड बंद. मी तिला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं, मुळं कशी गुदमरतात तेही सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. एवढा शिकलेला नवरा आपल्यासाठी इतकं करतो याचं तिला कौतुक वाटत होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला ते दिसत होतं आणि आवडत होतं.

मे महिन्यातला आमच्याकडचा उन्हाळा काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. दुपारी पत्रा तापतो, पंख्याची हवा अंगाला भाजते. ती ओला टॉवेल गळ्याला लावून बसायची. ओठ फुटले होते. दुपारच्या रेघेला अजून वेळ असेल तर घड्याळाकडे बघायची आणि मला फोन करायची. तहान लागली आहे, पिऊ का? मी म्हणायचो, अर्धा तास थांब. ती थांबायची. निदान मला तसं वाटत होतं.

आणि उपाय लागू पडला. हेच सगळ्यात वाईट झालं. मी रोज सकाळी सहाला, ती अंथरुणात असतानाच, तिच्या नडगीवर अंगठा दाबायचो. पहिल्या दिवसापेक्षा खड्डा कमी होता. चौथ्या दिवशी आणखी कमी. मी वहीत लिहीत गेलो. सहाला बघून मी रोपवाटिकेत जायचो आणि परत येईपर्यंत ती पाय वर घेऊन पडलेली असायची. दिवसभर तिचे पाय कसे दिसतात हे मी एकदाही बघितलं नाही. रात्रभर आडवं पडल्यावर कुणाच्याही पायाची सूज उतरते, ही एवढी साधी गोष्ट मला डॉक्टरांनी सांगावी लागली.

आशाताई मधे दोनदा येऊन गेल्या. पहिल्यांदा आईनंच परस्पर वाटेला लावलं. दुसऱ्यांदा मी होतो. त्यांनी पाण्याची बाटली बघितली आणि हे कुणी सांगितलं म्हणून विचारलं. मी वही काढून दाखवली, रोजची सूज दाखवली. त्या म्हणाल्या, की पाणी तोडून हे जात नाही, तिचं डोकं दुखतं का ते विचारा, डोळ्यांसमोर काजवे चमकतात का विचारा, आणि उद्याच्या उद्या दवाखान्यात न्या. मी त्यांना सांगितलं, की ताई, तुमचं काम यादी पूर्ण करायचं आहे, मला माझ्या घराचं कळतं. शब्द हेच होते. त्यांनी बायकोकडे बघितलं. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, की डोकं काही दुखत नाही. दुखत होतं. आठ दिवसांपासून दुखत होतं. मी खोटा पडू नये म्हणून ती खोटं बोलली, हे मला नंतर कळलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, हिवरा आश्रमाकडच्या एका शेतकऱ्याची गाडी भरत होतो. आईचा फोन आला, की सुनेच्या छातीखाली, बरगडीच्या खाली दुखतं आहे आणि उलटी झाली. मी म्हटलं, पित्त असेल, खायचा सोडा दे. तोही कमी पाण्यात दे म्हणून सांगितलं. माझा आवाज मला अजून ऐकू येतो. वीस मिनिटांनी परत फोन आला. या वेळी आई बोलत नव्हती, नुसती ओरडत होती.

घरी पोचलो तेव्हा ती ओट्याजवळ जमिनीवर होती. दातखिळी बसलेली, हातपाय झटकत होते, डोळे वर गेलेले. आशाताई आधीच तिथं होत्या. त्यांनी तिला कुशीवर वळवून धरलं होतं आणि अ‍ॅम्ब्युलन्सला फोन झाला होता. साडीवर रक्त होतं. आशाताईंनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. आईनं कांदा आणला होता हुंगवायला, तो त्यांनी शांतपणे बाजूला ठेवला.

तालुक्याच्या दवाखान्यात बीपी एकशे ऐंशीच्या वर निघालं. दोन्ही कुल्ल्यांत मोठी इंजेक्शनं दिली, पुन्हा झटका येऊ नये म्हणून, आणि बुलढाण्याला पाठवलं. दीड-दोन तासांचा रस्ता. मी पुढे चालकाजवळ बसलो होतो. मागून तिचं घोरल्यासारखं श्वास घेणं ऐकू येत होतं, आणि ते थांबलं की मी मागे वळून बघत होतो. मी त्या रस्त्यानं शेकडो वेळा गेलो आहे. त्या दिवशी एकही गाव मला ओळखू आलं नाही.

बुलढाण्याला डॉक्टरबाईंनी पोटावर मशीन फिरवलं. फिरवत राहिल्या. मग मशीन पुसून ठेवलं आणि बाहेर येऊन मला सांगितलं, की बाळ गेलं आहे, वार आधीच गर्भाशयापासून सुटली होती, आता बाईला वाचवायचं आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी कळा देऊन ते बाळ झालं. मुलगी होती. वजन पावणेदोन किलो. डोक्यावर दाट केस होते. माझ्या हातात देताना सिस्टरनं तिला नीट गुंडाळून दिलं, जसं जिवंत लेकराला गुंडाळतात तसं. मी आणि माझा मेव्हणा तिला घेऊन गेलो आणि पुरून आलो. खड्डा मी खणला. खड्डे खणायची मला सवय आहे, पण त्या दिवशी किती खोल घ्यायचा ते समजेना. मेव्हण्यानं बस म्हटलं तेव्हा थांबलो.

बायको सहा दिवस आतल्या वॉर्डात होती. तिच्या लघवीच्या पिशवीवर आकडे होते आणि सिस्टर दर तासाला ते बघून तक्त्यावर लिहीत होत्या. सलाईनचे थेंब मोजून सोडत होते. ते बघितल्यावर माझ्यात पुन्हा तो शहाणा जागा झाला. मी डॉक्टरबाईंना गाठलं आणि म्हटलं, की तुम्हीही तर पाणी मोजूनच देता, मग माझं काय चुकलं? त्यांनी मला हाकललं असतं तरी चाललं असतं. त्या थकलेल्या होत्या, तरी स्टूल ओढून बसल्या आणि मी काय काय केलं ते सगळं विचारलं. वही खिशात होती, ती मी दाखवली. त्यांनी पानं उलटली.

"सूज कधी बघत होता?"

"सकाळी. सहाला."

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. मग सांगितलं, की या आजारात पाणी जास्त झालेलं नसतं, ते जागा सोडतं. रक्ताच्या नळ्या आवळतात आणि झिरपायला लागतात. नळ्यांतलं पाणी बाहेर मांसात जाऊन बसतं, म्हणून वरून सूज दिसते आणि आत रक्त मात्र आटलेलं, घट्ट झालेलं असतं. बाळापर्यंत ते नीट पोचत नाही. इथे आम्ही मोजून देतो, कारण आता सलाईन जास्त झालं तर तेच पाणी फुप्फुसात उतरेल, आणि आम्ही आत किती गेलं ते लिहितो तसं बाहेर किती आलं तेही लिहितो. तुम्ही घरात, मे महिन्यात, तहानलेल्या गरोदर बाईचं पाणी तोडलंत. त्यानं सूज जाणार नव्हती.

मला ते एका क्षणात समजलं. चिबडलेल्या रानात गुडघाभर पाणी असतं आणि पीक सुकतं. ते तहानेनं सुकतं, हे मी लोकांना आयुष्यभर सांगत आलो. पाणी असून मुळाला मिळत नाही. मी त्या वाफ्याकडे बघितलं आणि पाटाचं दार बंद केलं, पण पीक सुकताना दिसत असून पिकाकडे बघितलं नाही.

मी त्यांना विचारलं, की पाण्यामुळे मुलगी गेली का? त्या म्हणाल्या, की आजार पाण्यामुळे झाला नाही, तो होणारच होता, कशामुळे होतो ते आम्हालाही पुरतं माहीत नाही. पण एकशे छत्तीस झालं तेव्हा आणलं असतं तर गोळ्या दिल्या असत्या, दर आठवड्याला बीपी बघितलं असतं, बाळ आधी काढता आलं असतं. पाणी तोडल्यानं किती बिघडलं ते सांगता येणार नाही. उपाय लागू पडतो आहे असं तुम्हाला वाटलं आणि त्यात तीन आठवडे गेले, एवढं सांगता येईल. त्या उठल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. त्यांनी मला दोषी म्हटलं असतं तर मी ते घेऊन घरी आलो असतो. सोडलं असतं तर तेही घेऊन आलो असतो. दोन्हीपैकी काहीच मिळालं नाही.

घरी आल्यावर लोक भेटायला आले. आई प्रत्येकाला सांगायची, की माझ्या पोरानं पाण्याचा घोट न् घोट मोजून बायकोला जपलं, पण नशिबात नव्हतं. बाया माझ्याकडे मायेनं बघायच्या. मी उठून गोठ्याकडे जायचो. एक-दोनदा आईवर चिडलो, तर ती म्हणाली की दुःखानं पोरगं चिडकं झालं. आशाताई एकदा येऊन बायकोचं बीपी बघून गेल्या. मी त्यांच्यामागे दारापर्यंत गेलो, काहीतरी बोलायचं होतं. त्या चपला घालत म्हणाल्या, की गोळी चुकवू देऊ नका. बस.

बायकोला मी सांगितलं नाही. आधी ती अशक्त आहे म्हणून, मग पावसाळा आला म्हणून, मग ती थोडी हसायला लागली म्हणून. बीपी काही तिचं पूर्ण उतरलं नाही, रोजची गोळी कायमची झाली. तिनं कधी मला शब्दानं बोल लावला नाही. मी तो तिचा मोठेपणा समजलो. ती मला माफ करून गप्प आहे असं समजून मी वर्षभर तिच्यासमोर मान खाली घालून वावरलो.

आता तिला पुन्हा तिसरा महिना आहे. डॉक्टरबाईंनी गर्भाला चालतील अशा बीपीच्या दुसऱ्या गोळ्या दिल्या आहेत, रात्रीची एक छोटी गोळी वाढवली आहे, दर आठवड्याला बीपी बघायला सांगितलं आहे, आणि तोंडावर सांगितलं आहे की हे पुन्हा येऊ शकतं. पाणी तहान लागेल तेवढं पिऊ द्या, असं त्यांनी माझ्याकडे बघून दोनदा म्हटलं. घरी येऊन मी माठाजवळ मोठा पेला ठेवला. चार दिवसांनी लक्षात आलं, की ती पाणी पीतच नाही. जेवताना दोन घोट, गोळीला एक घोट. ओठ पुन्हा फुटलेले. बाहेर मार्चचं ऊन.

मी विचारलं तर टाळत राहिली. काल दुपारी आम्ही दोघं रोपवाटिकेत ट्रे भरत होतो, मजूर जेवायला गेले होते. मी पुन्हा विचारलं. ती मान खाली घालून ट्रेमध्ये माती दाबत राहिली आणि मग बोलली.

"तुमाले एक सांगाचं हाय. मांगच्या खेपेले मी न्हाणीत पानी पेत होती. रोज. आंघोळीची बादली भरून ठेवाची अन् गिलासावर गिलास पेत होती. तुमी रेघ पाहून देत होते, अन् मी तिकडं चोरून पेत होती. माह्याच पायी पोरगी गेली."

मी हातातला ट्रे खाली ठेवला. मग मी सगळं सांगितलं. सकाळचा अंगठा, एकशे छत्तीसचा आकडा, आशाताईंना काय बोललो ते, डॉक्टरबाई काय बोलल्या ते, नळ्या, रक्त, सगळं. चोरून प्यालीस तेच बरं केलंस, असंही म्हणालो. आवाज चढला माझा, मी रडतही होतो. वर्षभर कोंडलेलं सगळं बाहेर काढलं. ती ऐकत होती. मधे तिनं पदरानं माझं तोंड पुसलं.

मी थांबल्यावर तिनं विचारलं, की हे तुम्हाला इतके दिवस माहीत होतं, तर मग सांगितलं का नाही? मी म्हटलं, भीती वाटत होती. तिनं मान हलवली. त्या मान हलवण्यात राग नव्हता. मी तिची समजूत काढायला हे सगळं आत्ता जुळवतो आहे, असं तिला वाटलं होतं. मी आईची शपथ घेतली. पोटातल्या बाळाची घ्यायला गेलो तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. चल, आत्ता बुलढाण्याला जाऊ, डॉक्टरबाईंच्या तोंडून ऐक, असं म्हणालो. तर म्हणाली, की त्यांनाही तुम्हीच सांगून ठेवलं असेल. त्या दिवशी त्या तुमच्याकडेच बघून बोलत होत्या.

मी उठलो, तिथल्या माठातून पेला भरून आणला आणि तिच्यासमोर धरला. आत्ता, माझ्यासमोर पी, म्हटलं. तिनं तो घेतला. एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि पेला खाली ठेवला.

"बस झालं," ती म्हणाली. "ह्या खेपेले मी लबाडी नाही करनार."

मग तिनं हाताची माती झटकली, जवळची ताटली घेऊन पेल्यावर झाकली आणि पुढचा ट्रे ओढला.